दुधाची पितळी तपेली

एखाद्या घराची ऐपत अजमावायची झाली, तर सोयरीक जुळवायला आलेला शहाणा माणूस पूर्वी शेताच्या उताऱ्याबरोबर स्वयंपाकघरातील मांडणीकडेही नजर टाकून घेत असे. मांडणीवर चढत्या मापाने लावलेल्या पितळेच्या तपेल्या, पातेली, चरव्या आणि डबे, व त्यांच्या काठांवर कोरून घेतलेली सासवा-आजेसासवांची नावे, हे त्या घराचे एक दप्तरच होते. कोणते भांडे कोणाच्या रुखवतात आले, कोणते कोणाच्या मुंजीत आहेर म्हणून मिळाले, याचा सारा तपशील त्यात वाचता येई. पितळ म्हणजे साठवलेला पैसा होता. अडल्या प्रसंगी ते सावकाराकडे गहाण पडे आणि फुटले तरी मोडीत वजनावर विकले जाई. अठराविश्वे दारिद्र्य असलेल्या घरी हे वैभव नसे. तेथे मातीची गाडगी असत, आणि पुढे ज्याला बायका 'जर्मन' म्हणत त्या अॅल्युमिनियमची हलकी पातेली आली. मुसलमान कुटुंबांत तांब्याचा वापर असे, पण ती भांडी कल्हई केलेली असत. गरिबाचे गाडगे, मुसलमानाची कल्हई आणि मध्यम स्थितीतल्या हिंदूचे लखलखीत, उघडे पितळ, हा भेद वाचकाने ध्यानात ठेवावा. कारण तान्ह्या मुलांच्या ज्या एका व्याधीची हकिगत येथे सांगावयाची आहे, तिचे अवघे रहस्य याच भेदात जवळजवळ शंभर वर्षे दडून राहिले होते.

पितळेचा व्यवसाय आपल्याकडे जुना आणि मानाचा. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळी पेशवाईच्या काळापासून ठोक्यांच्या आवाजाने ओळखली जाते. नाशिकची भांडी दूरवर जात, आणि भंडारा तर पितळेचेच गाव म्हणून प्रसिद्धीस आला. तांबटाने भांडे घडवावे आणि कल्हईवाल्याने ते राखावे, असा शिरस्ता होता. कल्हईवाला दारोदार हाळी देत येई, अंगणाच्या कोपऱ्यात खळगा खणून भाता लावी, भांडे तापवून त्यात नवसागराची पूड टाकी, आणि पांढऱ्या धुराचा लोट उठला की कथलाची कांडी आतल्या अंगाला टेकवून कापसाच्या बोळ्याने तो चंदेरी लेप क्षणार्धात सर्वत्र फिरवी. त्याचा मोबदला भांडे पाहून ठरे. साहजिकच घरची कर्ती बाई कोणते भांडे द्यावयाचे आणि कोणते राखून ठेवायचे याचा हिशेब करी.

तो हिशेब अनाडीपणाचा मुळीच नव्हता. चिंचेची आमटी, ताक, कढी, दही, असे आंबट पदार्थ पितळेत ठेवले तर कळकतात, त्यांना हिरवट झाक आणि कडवट चव येते, आणि ते खाल्ल्यास मळमळ होऊन उलटी होते, हे कोणत्याही गृहिणीला कोणी शिकवावे लागत नव्हते. म्हणून आंबटाच्या भांड्याला कल्हई आधी. दूध मात्र गोड. ते पितळेत कळकत नाही, त्याचा रंग पालटत नाही, चव बिघडत नाही. तेव्हा दुधाच्या तपेलीला कल्हई नसली तरी चालते, असा समज सर्वत्र रूढ झाला, आणि तो अनुभवाच्या कसोटीला उतरलेला असल्यामुळे त्याविषयी शंका घेण्याचे कोणालाही कारण पडले नाही. त्यातून दुधाचे भांडे हे घरातले सर्वांत सोवळे भांडे. रोज चिंच आणि राख लावून ते आरशासारखे घासले जाई. म्हणजे आधी कधी काळी कल्हईचा पापुद्रा असलाच, तर तो उडून जाई आणि धातूवर बसलेला संरक्षक थरही रोजच्या रोज निघून नवा, कोरा पितळी पृष्ठभाग दुधाला मिळे. ज्या घरात स्वच्छता अधिक, त्या घरात हे अधिक काटेकोरपणे होत असे.

आता त्या व्याधीकडे वळू. कलकत्त्याचे डॉ. सेन यांनी १८८७ साली तान्ह्या मुलांच्या यकृतविकाराची नोंद वैद्यकीय मंडळीपुढे ठेवली, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत तेथीलच गिबन्स यांनी अशा मुलांच्या यकृताची सूक्ष्म तपासणी करून सविस्तर निबंध लिहिला. पुढे मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाखा आणि पंजाब येथूनही असेच वृत्तांत येऊ लागले. इतर देशांतील पाठ्यपुस्तकांत या रोगाला जागा नव्हती. म्हणून त्याला हिंदी बालकांचा यकृत-काठिण्यरोग असे देशाचेच नाव चिकटले. महाराष्ट्रातील आयाबाया इतक्या लांबच्या नावाच्या भानगडीत पडल्या नाहीत. 'मुलाला लिव्हर झालं' किंवा 'यकृत झालं' एवढेच त्या म्हणत, आणि ऐकणाऱ्या बाईचा हात आपोआप स्वतःच्या मुलाच्या पोटाकडे जाई.

रोगाची चाल दबक्या पावलांची होती. सहा महिन्यांचे ते तीन वर्षांचे, चांगले गुटगुटीत मूल. ते एकाएकी किरकिरे होई, दुधावरची आणि भातावरची त्याची वासना उडे, अंगात कसकस राही. यात भयंकर असे काही नाही. दात येताहेत, दृष्ट लागली, जंत झाले, अशा कोणत्याही कारणात ते बसवता येई. पण मुलाला तेल लावताना आईच्या बोटांना उजव्या बरगडीखाली काहीतरी टणक, धारदार काठाचे लागू लागे. पोट मोठे होत जाई आणि हातपाय काटकुळे. पुढे पाणथरी वाढे, डोळ्यांत पिवळेपणा उतरे, पोटात पाणी साठे, आणि रक्तस्रावाने, जंतुसंसर्गाने किंवा गुंगी येऊन मूल जाई. कावीळ दिसू लागल्यावर मूल महिन्या-दोन महिन्यांचेच सोबती असे बहुधा ठरे. त्या काळच्या वैद्यकाजवळ यावर उपाय नव्हता. म्हणून जे जे कोणी सांगे ते ते आईबाप करीत: काविळीची माळ गळ्यात घालीत, चुन्याच्या निवळीत हात धुवून घेत, पोटावर डाग देत, कुटकी आणि कोरफड उगाळीत. मद्रासच्या जम्मी यांचे 'लिव्हर क्युअर' तर अशा आईबापांत दूरदूरपर्यंत ठाऊक होते. डाग देण्याच्या क्रूर प्रकाराचे समर्थन कोणी करणार नाही. परंतु पोटचे मूल डोळ्यांदेखत वाळत असता स्वस्थ बसून राहणे हा त्याहून कठोर प्रकार आहे, हेही त्या आईबापांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

सर्वांत दारुण गोष्ट म्हणजे ही व्याधी एकाच घरात पुनःपुन्हा येई. पहिले मूल गेले, दुसरेही त्याच वयाला येऊन त्याच वाटेने गेले, अशी कित्येक कुटुंबे होती. मुले जगत नाहीत अशा घरी जन्मलेल्याचे नाव दगडू, धोंडू किंवा केरू ठेवून सटवाईची आणि काळाची नजर चुकवण्याचा रिवाज आपल्याकडे होताच. पण नावाने फसणारा हा वैरी नव्हता. अशा वेळी बोल कोणाच्या माथी येई हे सांगावयास नकोच. आईचा पायगुण, तिच्या पूर्वजन्मीचे पाप, तिच्या कुळातला दोष, आणि शेवटी तिचे दूध. स्तन्यदुष्टी, म्हणजे आईच्या दुधाच्या दोषाने बालकाला होणारे विकार, ही कल्पना चरकसंहितेत आणि काश्यपसंहितेत विस्ताराने आलेली आहे, आणि 'हिचे दूध बाळाला बाधते' हे वाक्य घरोघरच्या सासवांच्या तोंडी होते. ज्या घरात ही समजूत बळावली असेल, त्या घरात पुढच्या मुलाला आईपासून लवकर तोडून वरच्या दुधावर टाकले जाणार. ते वरचे दूध ज्या तपेलीत तापवले आणि ठेवले जाई ती कोणती, हे वाचकाला आता सांगावे लागणार नाही.

वैद्यकशास्त्राने या प्रश्नाचा छडा लावण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. उलट पुष्कळ केला. स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने यकृताच्या रोगांसाठी स्वतंत्र उपसमिती नेमली आणि १९५५ च्या सुमारास तिने या बालरोगाचे स्वरूप निश्चित करण्याचे काम केले. दप्तरी जमलेल्या माहितीत एक चमत्कारिक गोष्ट वारंवार आढळे. हा रोग गरिबाचा नव्हता. कुपोषित, भुकेल्या मुलांत तो विरळा. मध्यम स्थितीतल्या हिंदू कुटुंबांत, विशेषतः खेड्यांत आणि लहान गावांत, तो अधिक. मुसलमानांत फारच थोडा. या विचित्र वाटणीचा अर्थ लावण्यासाठी विद्वानांनी काय काय तर्क लढवले! कोणी म्हणाले मुलांना साखर आणि तूप फार दिले जाते. कोणी काविळीच्या विषाणूला जबाबदार धरले. कोणी नात्यातल्या लग्नांकडे बोट दाखवून रक्तात दोष शोधला. म्हैसूरकडील संशोधकांनी १९७१ साली भुईमुगाच्या बुरशीतून निर्माण होणाऱ्या विषाचा संशय मांडला. यातला प्रत्येक तर्क करणारा मनुष्य बुद्धिमान होता. पण जातीचे, धर्माचे आणि सुबत्तेचे कोष्टक समोर ठेवून त्यांनी रक्त पाहिले, आहार पाहिला, कुळ पाहिले. मांडणीवर काय ठेवले आहे हे पाहण्याची कल्पना कोणाला सुचली नाही. पुरुषांनी लिहिलेल्या शास्त्रात स्वयंपाकघराला प्रवेश उशिराच मिळतो, असे माझे मत आहे, आणि या प्रकरणाइतका त्याचा दुसरा ठळक दाखला मला ठाऊक नाही.

धागा सापडला तो लंडनमध्ये, आणि उकलला तो पुण्यात. १९७८ साली लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाने ग्रस्त मुलांच्या यकृताचे काप ऑर्सीन नावाच्या रंगाने रंगवले. हा रंग दगडफुलाच्या जातीच्या वनस्पतीपासून काढतात, आणि तांबे बांधून ठेवणारी प्रथिने त्याने गडद तपकिरी दिसतात. काप तपकिरी ठिपक्यांनी भरून गेले. पुढच्याच वर्षी, पुण्याचे डॉ. आनंद पंडित यांच्या सहभागाने, यकृतातील तांब्याचे प्रत्यक्ष मोजमाप प्रसिद्ध झाले. निरोगी यकृताच्या कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला तांबे ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांच्या यकृतात ते ८०० च्या वर, आणि पुष्कळदा काही हजारांच्या घरात होते. तांबे यकृतात साचवणारा विल्सनचा आनुवंशिक रोग वैद्यकाला माहीत होता, पण तो इतक्या लहान वयात असा प्रकट होत नाही. मग एवढे तांबे दीड वर्षाच्या मुलाच्या पोटात आले कोठून?

पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयात डॉ. पंडित, डॉ. शीला भावे आणि इंग्लंडहून येणारे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांनी या प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठी जे केले ते अगदी साधे होते, आणि म्हणूनच मला थोर वाटते. त्यांनी आयांना विचारले. आजारी मुलाच्या आईला आणि तशाच स्थितीतल्या, पण निरोगी मुलाच्या आईला, अंगावरचे दूध कधी तोडले, वरचे दूध कोणत्या महिन्यात सुरू केले, ते कशात तापवता आणि कशात ठेवता, याची बारकाईने चौकशी केली. न्यायाधीशाने साक्षीदाराची जबानी घ्यावी तशी ही जबानी घेतली गेली, मात्र साक्षीदाराला आरोपी न करता. १९८३ साली या चौकशीचा पहिला निष्कर्ष लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि १९८७ मध्ये जोडीजोडीने केलेल्या तुलनेने तो दृढ झाला: आजारी पडलेल्या मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर, बहुधा पहिल्या काही महिन्यांतच, सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले होते. जेथे आईचे दूध दीर्घकाळ चालू होते, किंवा भांडे दुसऱ्या धातूचे होते, तेथे हा रोग क्वचितच दिसे.

दुधाच्या गोडपणाचा जो भरवसा गृहिणींनी धरला होता तो येथे उलटला. आंबट पदार्थ तांबे विरघळवून ते चवीने आणि रंगाने उघड करतो. दूध ते गुपचूप घेते. दुधातील केसीन नावाचे प्रथिन पितळेतून सुटणारे तांबे आपल्याशी घट्ट बांधून ठेवते, असे टॅनर आणि ओनील यांनी १९८९ साली प्रयोगाने दाखवले. त्यामुळे दुधाचा रंग बदलत नाही, वास येत नाही, आणि ते पोटात गेले की तांबे सहज सुटून शरीराला मिळते. त्यात निसर्गाची आणखी एक व्यवस्था प्रतिकूल पडली. आईच्या दुधात तांबे फार थोडे असते, म्हणून पहिले काही महिने पुरावे एवढे तांबे नवजात बालक आपल्या यकृतात साठवूनच जन्माला येते, आणि जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकण्याची त्याची शक्ती तोवर पुरती आलेली नसते. भरलेल्या कोठारात आणखी माल लोटावा तसा हा प्रकार. मोठ्या माणसाने तेच दूध पिऊन त्याला काही होत नसे. म्हणूनच त्या तपेलीवर कोणाचा संशय गेला नाही.

हे केवळ आपल्याच भूमीचे दुर्दैव नव्हते. ऑस्ट्रियातील पश्चिम टायरॉलच्या डोंगराळ भागात १९०० ते १९७४ या अवधीत १३८ बालके अशाच यकृतविकाराने दगावली होती, आणि तेथेही कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात गाईचे दूध उकळून मुलांना देण्याची चाल होती. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला, असे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथील कुटुंबवृक्ष तपासता रक्तातील एखादा सुप्त दोषही या मुलांत असावा असे दिसले. आपल्याकडेही पितळेतले दूध प्यालेली सगळीच मुले आजारी पडली नाहीत, आणि उत्तरेकडील काही वैद्यकांनी तर पितळेचा संबंध नसलेली उदाहरणेही पुढे आणली. तेव्हा वादाचा निकाल अक्षरशः शंभर टक्के लागला असे म्हणता येणार नाही. पण नात्यातल्या लग्नांवर बोट ठेवणारे विद्वान अगदीच चुकले नसले, तरी बीज रक्तात असो वा नसो, ज्या गोष्टीने मूल मरत होते ती दूर करणे घरातल्या बाईच्या हातात होते, आणि तिला ते कोणी सांगितले नव्हते.

ज्या मुलांना रोग आधीच जडला होता त्यांच्यासाठी पुण्यात पेनिसिलामिन या औषधाचा प्रयोग झाला. विल्सनच्या रोगात हे औषध तांबे लघवीवाटे बाहेर काढते, हे १९५६ पासून ठाऊक होते. कावीळ आणि जलोदर होण्यापूर्वी ते सुरू झाले तर मूल वाचू शकते, असे १९८७ साली निष्पन्न झाले. उशिरा आलेल्यांत त्याचा फारसा उपयोग होईना. उपचार दीर्घ, वर्षानुवर्षांचा, आणि औषध रिकाम्या पोटी द्यावयाचे. भुकेने रडणाऱ्या तान्ह्याला दूध न देता आधी औषध पाजणे आणि महिन्यागणिक खेड्यातून शहरात येऊन तपासणी करून घेणे, हा खटाटोप ज्या आयांनी निभावला त्यांची नावे कोणत्याही निबंधात नाहीत. पण त्यांच्या मुलांपैकी जी वाचली त्यांचा दीर्घ पाठपुरावा १९९६ साली प्रसिद्ध झाला, आणि ती मुले निरोगी वाढली, औषध थांबवल्यावरही रोग परतला नाही, असे त्यात दिसते. विल्सनच्या रोग्याला औषध जन्मभर घ्यावे लागते, याला नाही. विष बाहेरून येत होते आणि येणे थांबले होते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

तरीही रोगाचा समूळ पराभव औषधाने केला नाही, आणि खरे सांगायचे तर उपदेशानेही थोडाच केला. पुण्याच्या वैद्यकांनी पितळेत दूध तापवू नका असा प्रचार जरूर केला, आणि त्याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. पण त्याआधीच, आणि त्यांच्या बरोबरीने, दुसरी एक व्यक्ती घरोघर फिरत होती: डोक्यावर पाटी घेतलेली बोहारीण. जुनी लुगडी, जरीचे खण आणि विटलेले कोट घेऊन तिने साठ-सत्तरच्या दशकांपासून महाराष्ट्राच्या स्वयंपाकघरांत स्टेनलेस स्टील आणून ठेवले. स्टील कळकत नाही, त्याला कल्हई लागत नाही, ते चिंचेने घासावे लागत नाही. या सोयींसाठी बायकांनी ते पसंत केले, आणि जुने पितळ मोडीत गेले. सर्वांत आधी पालटलेल्या भांड्यांत रोजचे, हाताशी असलेले दुधाचे पातेले होते. १९९० नंतर हा रोग रुग्णालयांत इतका विरळ झाला की नव्या डॉक्टरांना तो पुस्तकातूनच शिकावा लागला. लुगड्याच्या बदल्यात भांडे मागताना घासाघीस करणाऱ्या कोणत्याही बाईला आपण एका मुलाचे प्राण वाचवीत आहोत याची कल्पना नव्हती, बोहारणीला तर नव्हतीच. आणि सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात तिचे नाव घालावयास पाहिजे, असे म्हटल्यास वाचक हसणार नाहीत अशी आशा आहे.

हे सगळे आता सांगण्याचे प्रयोजन असे की, मधल्या काळात माळ्यावर गेलेले पितळ पुन्हा खाली येत आहे. शहरांतून तांब्या-पितळेची भांडी आता ऐपतीपेक्षा अभिरुचीची खूण म्हणून विकली जातात, त्यांच्या आरोग्यदायी गुणांची जाहिरात होते, आणि तांबट आळीच्या कारागिरांना त्यातून पोटाला चार पैसे मिळत असतील तर त्याचा आनंदच मानला पाहिजे. मोठ्या माणसाने तांब्याच्या भांड्यातले पाणी प्यावे की नाही हा निराळा विषय आहे. पण ज्या घरात वर्षाच्या आतले मूल आहे आणि त्याला कोणत्याही कारणाने वरचे दूध द्यावे लागते, त्या घरातील आजीने, आईने आणि बापाने एवढे कटाक्षाने पाळावे: ते दूध कल्हई नसलेल्या, किंवा कल्हई उडालेल्या, पितळेच्या अथवा तांब्याच्या भांड्यात तापवू नये, रात्रभर त्यात ठेवू नये, आणि आजोळहून आलेल्या पितळी बोंडल्याने पाजू नये, स्टीलचे पातेले आणि वाटी-चमचा पुरे.